माळ्यावरचा जुना राऊटर वरच्या मजल्यासाठी वापरता येईल का?

रो_हाऊसवाला
मंडळी, घरगुती प्रश्न आहे, हसू नका. इंदिरानगरला आमचं रो हाऊस आहे. खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. फायबर जोडायला आलेल्या पोराने डबा हॉलच्या दारामागे चपलांच्या कपाटावर ठोकला कारण त्याची वायर तेवढीच पुरत होती, आणि मी नेमका त्या दिवशी ऑफिसात. आता वर मुलीच्या खोलीत एक कांडी येते आणि दार लावलं की तीही जाते. बारावीचं वर्ष आहे, लेक्चर लागलं की ती जिन्याच्या सातव्या पायरीवर जाऊन बसते. सातवीच का, तर आठवीवर व्हिडिओ गोल गोल फिरायला लागतो.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुना राऊटर सापडला, दोन अँटेनावाला, ३०० एमबीपीएस लिहिलेला, २०१३ च्या सुमारास घेतलेला. म्हटलं हाच वर लावू. खालच्या डब्यातून जिन्यावरून तात्पुरती वायर सोडली आणि वर त्याच्या पिवळ्या पोर्टात खोचली. पाच मिनिटं झकास चाललं. मग घरात जो गोंधळ झाला काय सांगू, बायकोचा फोन चालतो माझा चालत नाही, टीव्ही म्हणतो वायफाय जोडलंय पण इंटरनेट नाही, वडिलांचं भजन मध्येच अडकलं. वायर उपसली, सगळं बंद-चालू केलं तेव्हा कुठे घर जाग्यावर आलं.

तर हे मुळात जमतं का, की राऊटर भंगारवाल्याला द्यायचा? खर्च कमीत कमी हवा, हे आधीच सांगून ठेवतो.

तर्री_कमी
भंगारवालाही विचारेल, चालू आहे का म्हणून.

सिडकोवासी
कशाला २०१३ चा डबा उकरून काढताय भाऊ. सरळ दोन पीसचा मेश सेट (दोन डबे मिळून एकच वायफाय) घ्या, मोबाईलवरून दहा मिनिटांत सेटिंग होतं, वर-खाली एकच नाव, विषय संपला. बारावीच्या क्लासची फी भरताना कंजूषी केली नाही ना, मग इथे का?

अंबडचा_आयटीवाला
जमतं. तुमचं नव्वद टक्के काम झालंच होतं, दहा टक्क्यांनी घात केला.

तुमच्या घरात एकाच वेळी दोघं जण नंबर वाटायला बसले होते. घरातलं प्रत्येक यंत्र, फोन असो टीव्ही असो, जोडलं गेलं की आधी ओरडतं, "मला नंबर द्या, आणि बाहेर जायचं दार कुठे ते सांगा." हे काम खालचा डबा करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. जुन्या राऊटरमध्येही हाच कारकून बसलेला आहे. ज्याला खालच्याने उत्तर दिलं तो चालला (बायको). ज्याला वरच्याने आधी गाठलं त्याला त्याने सांगितलं "दार माझ्याकडेच आहे", आणि तिथे दार नाहीच, भिंत (तुम्ही, टीव्ही, वडील). त्यात दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आणखीच मजा, एका घराला दोन मालक.

मग करायचं काय. जुना राऊटर आधी कुठेच जोडू नका. मागचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून रीसेट करा, नुसता लॅपटॉप वायरने जोडा आणि ब्राउझरमधून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. सगळ्यात आधी वायफायचं नाव, पासवर्ड, सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस, चॅनल हे सगळं उरकून घ्या. मग लॅनचा, म्हणजे राऊटरचा स्वतःचा घरातला पत्ता बदला, १९२.१६८.१.२५० ठेवा समजा. पण त्याआधी खालच्या डब्यात जाऊन बघा तो नंबर कुठून कुठपर्यंत वाटतो ते, बऱ्याच डब्यांत २ पासून २५४ पर्यंत सगळं खुलं असतं, तिथे शेवट २०० वर आणा म्हणजे २५० कुणालाच जाणार नाही. सगळ्यात शेवटी जुन्याचं डीएचसीपी बंद. आता खालून येणारी वायर पिवळ्या पोर्टातच खोचा, वॅन लिहिलेलं निळं पोर्ट मोकळं सोडा. झाला तुमचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नंबर न वाटता नुसतं वायफाय देणारा डबा.

क्रम चुकवू नका. डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला नंबर द्यायला कुणी उरत नाही आणि तुम्ही त्याच्या पानाबाहेर. मग लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागतो, नाहीतर परत रीसेट आणि पहिल्यापासून.

वाड्यातली
काय समजावलंत हो! दोन कारकुनांचं उदाहरण आमच्या भाऊबंदकीलाही लागू होतं.

रो_हाऊसवाला
@अंबडचा_आयटीवाला, मनापासून धन्यवाद दादा. पण निळ्या पोर्टात का नाही खोचायची? त्याच्यावर तर इंटरनेट असंच लिहिलंय.

अंबडचा_आयटीवाला
खोचली तरी इंटरनेट चालेल, फक्त दोन्हीकडचे नंबर एकाच मालिकेतले नकोत. पण मग घरात दोन घरं होतात. वरच्या राऊटरवरच्यांना खालचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर फोटो टाकता येत नाहीत. काहींना तेच हवं असतं, म्हणजे वर भाडेकरू आहे आणि त्याने आपल्या प्रिंटरशी खेळू नये असं वाटत असेल तर. पण उलटं आहे हं, वरचा भाडेकरू पत्ता टाकून तुमच्या खालच्या वस्तूंपर्यंत पोचू शकतो, तुम्ही त्याच्यापर्यंत नाही. म्हणून भाडेकरूसाठी हा उपाय वाटतो तेवढा चांगला नाही, गेस्ट नेटवर्क द्या त्याला.

राऊटर थोडा नवा असेल तर सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा तयार पर्याय मिळतो. तो निवडला की डीएचसीपी वगैरे तोच बंद करतो आणि निळं पोर्टही बाकीच्यांसारखं होतं. २०१३ वाल्यात शोधा, नशीब असेल तर सापडेल.

सिडकोवासी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा मेश, मेश, मेश. तीनदा लिहिलं.

कॅट_फाइव्ह
@सिडकोवासी, मेश म्हणजे जादू नाही भाऊ. वायर न लावता दोन डबे ठेवलेत तर वरच्यालाही माल खालच्याकडून हवेतूनच आणावा लागतो. साध्या रिपीटरमध्ये (हवेतून सिग्नल घेऊन पुढे फेकणारा डबा) एकच रेडिओ असतो, तो ऐकणार पण तोच आणि बोलणार पण तोच, म्हणून वेग सरळ निम्मा होतो. महागड्या मेशमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्याला वेगळा रेडिओ असतो, तिथे एवढा फटका बसत नाही, पण ते सेट कितीला पडतात बघा. आणि त्या मेशलाही वायर जोडली की तो आणखी छान पळतो. म्हणजे फिरून गाडी वायरवरच येते. मग वायर टाकणारच असाल तर माळ्यावरचा डबा काय वाईट आहे?

सिडकोवासी
मान्य आहे, पण राऊटर बदलताना फोन आपोआप उडी मारतो ना मेशमध्ये. जुन्या जुगाडात माणूस वर गेला तरी फोन खालच्यालाच चिकटून राहतो, अनुभव आहे.

कॅट_फाइव्ह
हा मुद्दा बरोबर, घेतला.

तर्री_कमी
या धाग्यावर कुणीतरी "मान्य आहे" म्हणालं आणि समोरच्याने "मुद्दा घेतला" म्हटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

वाड्यातली
माझा अनुभव थोडा वेगळा म्हणून लिहिते. आमचा वाडा जुन्या नाशकात, रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर. भिंती दीड-दोन फुटाच्या, दगड, वीट, माती सगळं एकत्र, उन्हाळ्यात आत एसी लागत नाही पण मागच्या खोलीतून वायफायही बाहेर येत नाही. वायर टाका म्हणणं सोपं आहे, आमच्याकडे एक खिळा ठोकायचा तर अकरा जणांच्या सह्या लागतात आणि त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून मी जुना राऊटर रिपीटर करून चौकाकडच्या खिडकीत ठेवला. भिंतीतून जे जात नाही ते चौकातून उघड्यावरून समोरच्या खिडकीत जातं. १०० चा प्लॅन आहे, माझ्या खोलीत ३०-३५ मिळतात. निम्म्याहून कमी, पण मला मीटिंगा आणि मालिका याशिवाय करायचंय काय. तेव्हा रिपीटर अगदीच टाकाऊ नाही, फक्त तो जिथे सिग्नल मेलाय तिथे ठेवू नये, जिथे अजून जिवंत आहे तिथे ठेवावा. लोक नेमकं उलटं करतात आणि मग म्हणतात चालत नाही.

अंबडचा_आयटीवाला
@वाड्यातली, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं. फक्त एक सांगतो, त्या राऊटरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बघून घ्या. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये क्रॅक नावाची डब्ल्यूपीए२ मधली फट जगजाहीर झाली, तिचा त्रास मुख्यतः दुसऱ्याला जाऊन जोडणाऱ्या यंत्रांना, म्हणजे फोन, लॅपटॉप आणि रिपीटर मोडमधले राऊटर. वायरवर नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून बसलेल्या राऊटरला तिची फारशी झळ नाही. तुमचा रिपीटर आहे, म्हणून कंपनीच्या साइटवर त्यानंतरचं फर्मवेअर मिळालं तर टाका. आणि सगळ्यांनाच सांगतो, जुन्या राऊटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, त्याच्या पिनमधली खोट २०११ पासून जगाला माहीत आहे. ॲडमिनचा पासवर्ड पण अजून ॲडमिनच असेल तर... असो.

वाड्यातली
ॲडमिनच आहे. बदलते. कुणाला सांगू नका.

तर्री_कमी
रविवार कारंजापासून पाच मिनिटं, ॲडमिन-ॲडमिन. निघालोच.

दिंडोरीकर
घरातल्या घरात चाललंय तोवर ठीक आहे, माझी गोष्ट ऐका म्हणजे बाहेर वायर टाकताना विचार कराल. बंगल्यापासून द्राक्षाची शेड १४० मीटर. तिथे कॅमेरे लावायचे होते, जुना राऊटर पडलेला होताच. कुणीतरी सांगितलं की इथरनेटची वायर १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही म्हणून मधे खांबावर डबीत एक छोटा स्विच बसवला, तिथपर्यंत लाइट नेली, सगळं मस्त चालू. एक सीझन चाललं. मग एप्रिलमध्ये अवकाळी आला, गारा नव्हत्या सुदैवाने, पण वीज जवळच कुठेतरी पडली. राऊटर गेला, स्विच गेला, एक कॅमेरा गेला आणि बंगल्यातल्या डब्याचं एक पोर्ट मेलं ते मेलंच.

आता फायबर टाकलीय, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधला उजेड इथरनेटमध्ये बदलणाऱ्या डब्या. तांबंच नाही म्हटल्यावर वीज त्यातून येणार कशी. शेडमध्ये पुन्हा जुनाच राऊटर, हा भाच्याकडून आणलेला.

जुना_लाइनमन
दिंडोरीकर, चांगलं केलंत, पण तुमची ती काळी ड्रॉप केबल असेल तर तिच्या एका कडेला ताण धरायला लोखंडी तार असते. ती तार खांबाला बांधून तिथेच तोडायची, घरात आत न्यायची नाही. नाहीतर काच वीज आणणार नाही पण तार आणेल. मी टेलिफोन खात्यात आयुष्य काढलंय, विजेने जळालेले फोन पाहिलेत, घरचे म्हणायचे फोन बिघडला आणि बघतो तर फोन वितळलेला.

दिंडोरीकर
काका, आत्ता जाऊन बघतो. आत नेलीय बहुतेक.

जुना_लाइनमन
ढग नसताना बघा.

आता रो हाऊसवाल्यांसाठी. तुमचं घर कधीचं? नव्वदच्या दशकातलं किंवा दोनहजारच्या आसपासचं असेल तर हॉलमधून वरच्या बेडरूममध्ये टेलिफोनची पट्टी नक्की असेल, भिंतीत पाइप टाकलेला असतो. त्या काळी प्रत्येकाला वर एक्सटेन्शन हवं असायचं. फोनला वर्षानुवर्षं वेटिंग, पण एक्सटेन्शनचा पाइप बांधकामातच तयार. ती वायर आता मेलेली आहे. तिच्या एका टोकाला तुमची नवी केबल घट्ट बांधा, टेप गुंडाळून टोक निमुळतं करा आणि दुसऱ्या टोकाने ओढा. जॅक आधी मारू नका, बेंडात अडकतो, केबल ओढून झाल्यावर मारा. साबणाचं पाणी किंवा पावडर लावली तर सरकते.

रो_हाऊसवाला
काका!!! आहे!!! वरच्या खोलीत कपाटामागे चौकोनी पांढरी डबी आहे, आम्ही तिच्यावर वॉलपेपर लावला होता. २००२ चं घर आहे. इतकी वर्षं डोक्यात आलं नाही.

ती जुनी टेलिफोनचीच वायर राऊटरला जोडली तर नाही का चालणार? मग ओढायची पण गरज नाही.

जुना_लाइनमन
नाही चालणार. ती आवाजासाठी बनवलेली आहे, दोन जोड्या, त्याही वाटेत कुठे कशा जोडल्यात देवाला माहीत. तिला दोरा समजा, वायर समजू नका.

कॅट_फाइव्ह
केबल घेताना बघून घ्या रो_हाऊसवाले. कॅट ५ई किंवा कॅट ६ पुरे, पण शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सर्रास मिळते, स्वस्त म्हणून मी एकदा एका दुकानातून अख्खं बंडल उचललं. वाकवली की आतली तार तुटायची, जॅक मारताना तर हमखास. ओळखायची कशी, तर एका तारेवर ब्लेड घासा. आत पांढरं चमकलं की परत द्या. हातातही हलकी लागते.

जॅकचे रंग दोन्ही टोकांना सारखे: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्या जोडीचा क्रम बघा, तो मधे उलटा वाटतो पण तसाच आहे. तिथेच सगळे चुकतात.

पाथर्डी_फाटा
वीज किती खाईल हो वरचा राऊटर चोवीस तास? आमच्याकडे बिलावरून महाभारत होतं.

कॅट_फाइव्ह
सहा वॅट धरा. दिवसाला १४४ वॅट-तास, महिन्याला साडेचार युनिटच्या आत. पंखा अर्धा तास कमी लावा म्हणजे हिशोब बरोबर.

तर्री_कमी
पंखा किती वॅटचा आहे त्यावर आता नवीन धागा निघेल.

पाथर्डी_फाटा
पंखा ७५ वॅटचा आहे. अर्धा तास म्हणजे दिवसाला ३७ वॅट-तासच वाचले. दोन तास बंद ठेवावा लागेल.

तर्री_कमी
सांगितलं नव्हतं?

सिडकोवासी
वायर टाकायचीच नसेल तर ते प्लगमध्ये लावायचे पॉवरलाइन ॲडॅप्टर पण येतात, घरातल्या लाइटच्या वायरिंगमधूनच नेट जातं. कुणी वापरलंय का?

अंबडचा_आयटीवाला
वापरलंय. दोन्ही प्लग एकाच फेजवर असतील तर बरं चालतं. तीन फेजचं मीटर असेल आणि वरचा मजला वेगळ्या फेजवर असेल तर वेग कोसळतो किंवा जोडतच नाही. स्पाइक गार्डमध्ये लावलं तरी बोंब, सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावायचं. वायरिंग जुनं असेल तर काय मिळेल ते लावून बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.

गंगेवरचा
विषयांतर करतो, माफी. तुमच्या वायफायची नावं काय ठेवलीत? आमच्या बिल्डिंगमध्ये एकाचं नाव आहे 'मेंटेनन्स भरा मग वापरा', सेक्रेटरीचं आहे.

वाड्यातली
आमच्या समोरच्यांचं 'पासवर्ड विचारू नये'. आजी म्हणाली, देवळातल्या पाटीसारखं वाटतं.

दिंडोरीकर
शेडचं नाव 'थॉमसन'. शेजाऱ्याने 'शरद' ठेवलं. द्राक्षवाल्यांना कळेल.

तर्री_कमी
माझं 'जास्त तर्री'. घरचे विचारतात सभासद नाव वेगळं का. घरी खरं बोलतो.

गंगेवरचा
मिसळीचा विषय निघालाच आहे तर रविवारी...

अंबडचा_आयटीवाला
नको. मागच्या वेळी मिसळीवरून दोनशे प्रतिसाद झाले होते आणि मूळ प्रश्न पाण्याच्या टाकीचा होता.

रो_हाऊसवाला
मंडळी अपडेट. शनिवारी एमजी रोडवरून कॅट ६ केबल आणली, पंचवीस मीटर, दुकानातच ब्लेड मागितलं, दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सोनं कसाला लावतोय. पण तांबं निघालं.

रविवारी सकाळी काकांनी सांगितलं तसं टेलिफोनच्या वायरला बांधली. मी वरून ओढतोय, बायको खालून सरकवतेय, मुलगी जिन्यावर उभी राहून "वर, खाली, थांबा" करतेय. साधारण दोन मीटर सरकली असेल आणि कट्. टेलिफोनची वायर मधेच तुटली. दोन्ही तुकडे हातात, पाइप रिकामा. वडील खुर्चीत बसून म्हणाले, "आता?" एवढंच.

तर्री_कमी
वडिलांना सभासद करून घ्या.

जुना_लाइनमन
वाईट झालं. उंदराने कुरतडली असेल किंवा प्लास्टर करताना पाइप चेपला असेल. वायरमनला बोलवा, तो स्प्रिंग टाकून बघेल. स्प्रिंग एका जागी अडत असेल तर पाइप चेपलाय समजा, मग भिंत फोडू नका. लाइटच्या पाइपातून तर मुळीच टाकू नका, २३० व्होल्टच्या शेजारी ही केबल नको. गच्चीवर डिशची छत्री होती का कधी?

रो_हाऊसवाला
होती. काढली, पण केबल तशीच आहे. गच्चीवरून बाहेरच्या भिंतीने खाली येऊन खिडकीजवळच्या भोकातून हॉलमध्ये शिरते. आणि वरच्या खोलीलाही तिचं एक भोक आहे, दुसऱ्या टीव्हीसाठी केलेलं!!

जुना_लाइनमन
मग झालं की काम. भोकं तयार, रस्ता तयार. बाहेरून जाणारा तुकडा कसिंग पट्टीत किंवा पाइपात घाला, उन्हाने केबलचं वरचं आवरण तडकतं. भोकात शिरायच्या आधी केबलला खालच्या बाजूला एक झोल द्या म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून टपकेल, तुमच्या हॉलमध्ये येणार नाही. दिंडोरीकरांसारखा धोका नाही, एकाच घराची भिंत आहे, तरी वीज कडाडायला लागली की प्लग आणि केबल काढून ठेवा.

अंबडचा_आयटीवाला
आणि ती जिन्यावरची तात्पुरती वायर आता काढून टाका, दोन्ही लावून ठेवू नका, दोन वायरी म्हणजे डबल स्पीड असं काही नसतं. दोन राऊटरमध्ये दोन वायरी लागल्या की तोच डेटा गोल गोल फिरत वाढत जातो आणि सगळं बसतं. एका कंपनीत साफसफाई करताना लोंबणारी वायर दिसली म्हणून कुणीतरी सज्जनपणे ती मोकळ्या पोर्टात खोचली होती. दोन तास अख्खा प्लांट हातावर हात. आम्ही सर्व्हर तपासत होतो.

रो_हाऊसवाला
अपडेट दोन. चाललं!!!

केबल बाहेरून आली, झोल दिला, रंग दोनदा चुकले (निळी जोडी, कॅट_फाइव्ह तुम्ही सांगितलं होतं तरी). पत्ता २५०, डीएचसीपी बंद, पिवळं पोर्ट, नाव-पासवर्ड खालच्यासारखाच, खाली चॅनल १, वर ११. वरच्या खोलीत दार लावून मोबाईलवर ७४ एमबीपीएस. लॅपटॉप वायरने लावला तर ९४. प्लॅन १५० चा आहे, तेवढे का नाही येत?

पण सिडकोवासी म्हणाले तेच होतंय. मुलगी खालून वर गेली की फोन खालच्यालाच चिकटून बसतो, एक कांडी असली तरी सोडत नाही. ती वायफाय बंद-चालू करते मग वरचं धरतो.

कॅट_फाइव्ह
अभिनंदन! ९४ हीच त्या डब्याची कमाल आहे. जुन्या राऊटरची पोर्टं १०० एमबीपीएसची असतात, वरचा थोडा भाग पाकिटांच्या वेष्टणात जातो, हातात ९४-९५ उरतात. केबलचा दोष नाही, उद्या गिगाबिटवाला राऊटर लावलात तर हीच केबल पूर्ण वेग देईल.

सिडकोवासी
मी सांगितलं होतं :)

पण उपाय पण सांगतो, मेश म्हणणार नाही. कोणत्या राऊटरला धरायचं हे शेवटी फोन ठरवतो, राऊटर नाही. आयफोन उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली सिग्नल गेला की दुसरा शोधायला लागतो, बाकीचे फोन आपापल्या मनाचे. म्हणून खालच्या डब्याची ताकद थोडी कमी करा, सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर हाय, मीडियम, लो असं असतं, मीडियम करा. वर त्याचा आवाज लवकर मेला की फोन लवकर सोडतो. चॅनलची रुंदी पण दोन्हीकडे २० वर ठेवा, ४० वर ठेवलीत तर १ आणि ११ एकमेकांच्या अंगावर येतात.

रो_हाऊसवाला
केलं. जिन्याच्या वळणावर एक सेकंद अडखळतो आणि मग वरचं धरतो. चालू कॉल तुटला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आता जिन्यावर बसायचं कारण गेलं." तिला तिथे मांजर घेऊन बसायला आवडायचं असं आता कळतंय.

लाइनमन काका, एकदा घरी चहाला या. चिवडा आहे घरचा.

जुना_लाइनमन
चिवडा म्हटल्यावर येतो. तो चेपलेला पाइपही बघू.

दिंडोरीकर
काका, तार आतच होती. पार कन्व्हर्टरच्या डबीपर्यंत आणून ठेवली होती पठ्ठ्याने. खांबाशी तोडली.

पाथर्डी_फाटा
लाइट गेली की वरचा राऊटर बंद पडेल ना पण? खालचा इन्व्हर्टरवर असेल.

रो_हाऊसवाला
पडतो. काल संध्याकाळी चाळीस मिनिटं गेली होती. ती परत सातव्या पायरीवर.

नवीन_सभासद_नाशिकरोड
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडेही असाच राऊटर आहे पण अडॅप्टर हरवलाय. ड्रॉवरमध्ये तीन सापडले, ५ व्होल्ट, ९ व्होल्ट आणि १२ व्होल्ट. तिन्हींची पिन बसते. कुठला लावू?

कॅट_फाइव्ह
पिन बसते म्हणून लावू नका! राऊटर उलटा करा, खाली स्टिकरवर व्होल्ट लिहिलेले असतील, तेच हवेत. अँपिअर स्टिकरवर आहेत तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. गोलाचं चिन्ह बघा, मधे अधिक आहे ना, तेही जुळलं पाहिजे.

नवीन_सभासद_नाशिकरोड
स्टिकर पुसलाय.

तर्री_कमी
भंगारवाला पण विचारेल...

रो_हाऊसवाला
@नवीन_सभासद, मॉडेलचं नाव वरच्या बाजूला छापलेलं असेल तर लिहा, इथे कुणीतरी सांगेल. आणि केबल विकत घेऊ नका, माझ्याकडे आठ मीटर उरलीय. इंदिरानगरला येऊन घेऊन जा, ब्लेड घासून बघितलेली आहे.